आमची वाटचाल : अडकलेली सहा बिले

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत 2009 साली दोन जुन्या लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रांवर) आम्ही बुश आणि पिना हे यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचे काम सुरू केले. पुढे संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र आले, त्याच्याबरोबर बँकेचे हप्तेही आले, आणि कामगार नऊ झाले. 2021 मध्ये मात्र एका जुन्या ग्राहक कंपनीने आमची सहा बिले, एकूण 4 लाख 80 हजार रुपये, दहा महिने अडकवून ठेवली. दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ एवढेच उत्तर मिळे. कच्चा माल देणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे आम्हाला वेळेवरच द्यावे लागत होते, आणि एका महिन्यात पगारासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवल्या, ते मी विसरू शकलेलो नाही.

दिवाणी दाव्याचा विचार चालू असताना वकिलांनी दुसरी वाट दाखवली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक दर’ या व्याजदराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, माल पाठवण्यापूर्वीची होती, म्हणून थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज करता आला आणि प्रकरण असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेपुढे गेले.

तेथे कंपनीने प्रथमच सांगितले की माल सदोष होता. हिशेब पाहणाऱ्या माझ्या पत्नीने चलनांची, म्हणजे मालासोबत पाठवलेल्या कागदांची, फाइल उघडली. प्रत्येक चलनावर त्यांच्या गेटचा आवक शिक्का, तारीख आणि सही होती. एकावर तर निळ्या शाईत ‘नग व माप बरोबर’ असा शेराही होता. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असे कायदा मानतो, आणि अशी हरकत त्यांनी कधी घेतलीच नव्हती.

दुसऱ्याच तारखेला त्यांनी समेटात मुद्दल तीन हप्त्यांत देण्याचे मान्य केले. व्याज आम्ही सोडले. धाकट्या भावाला ते आजही पटलेले नाही. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर ग्राहकाला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, त्यामुळे आपली बाजू भक्कम होती, असे तो म्हणतो. पण समेट झाला नसता तर निवाड्यासाठी लवादाची सुनावणी चालली असती, आणि ती संपेपर्यंत यंत्राचे हप्ते थांबले नसते.

पहिला हप्ता जमा झाला त्याच दिवशी पाटल्या सोडवून आणल्या. तेव्हापासून चलनावर आवक शिक्का पडल्याशिवाय आमचा टेम्पो ग्राहकाच्या गेटवरून हलत नाही.