दिव्याचं टोक

मे महिन्यातली दुपार, अमळनेरला पारा ४४ वर. पारोळ्याहून एसटीने आजी आल्या, सोबत बारा वर्षांची नात. आठवड्यापूर्वीच मी तिला ब्रेसेस लावल्या होत्या आणि त्यातले दोन ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवलेले धातूचे छोटे तुकडे, निघाले होते. एक तिने रुमालाच्या गाठीत बांधून आणला होता.

"मी काहीच कडक खाल्लं नाही," मान खाली घालून ती आधीच म्हणाली. ब्रॅकेट निघाला की आमचा पहिला संशय फुटाण्यांवर, कैरीवर, म्हणजे मुलांवरच जातो. माझाही गेला.

आजींनी वेगळंच विचारलं. "त्या गोंदमा काय शे, डॉक्टरताई? पोरना पोटमा गया ते?"

मी सांगायला लागले. हा गोंद म्हणजे बिस-जीएमए नावाचं रेझिन. ते बनवताना बिस्फेनॉल-ए हे रसायन लागतं, त्याचा अगदी थोडा अंश लाळेत उतरू शकतो, तोही मुख्यतः सुरुवातीच्या काळात. निळ्या प्रकाशाने रेझिन नीट कडक झालं की सुटण्यासारखं फार कमी उरतं. 'नीट' म्हणाले आणि तिथेच अडकले.

दिवा उचलून बघितला. काचेच्या टोकावर जुन्या रेझिनचा वाळलेला पापुद्रा, नखाच्या टोकाएवढा. खणातलं प्रकाश मोजायचं यंत्र काढलं. आकडा आला ३१०. नवा होता तेव्हा हाच दिवा हजाराच्या वर जायचा. चार महिने मी तो मोजलाच नव्हता. दिवा लागतोय, निळा दिसतोय, एवढ्यावर भागवत होते. अर्धवट राहिलेलं रेझिन धरही कमी धरतं आणि तोंडात सुटतंही जास्त.

पापुद्रा खरवडून काढला, आकडा ११०० च्या पुढे गेला. मुलीला नारिंगी चष्मा घातला, दोन्ही ब्रॅकेट नव्याने चिकटवले. बाकीच्या प्रत्येक ब्रॅकेटवर दोन्ही कडांनी पुन्हा प्रकाश दिला, कारण धातूच्या आरपार तो जात नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे रेझिनचा अगदी वरचा थर कधीच पुरता कडक होत नाही. तो प्युमिस दगडाच्या बारीक पुडीने घासून काढला. मग तिला भरपूर चुळा भरायला लावल्या, थुंकायच्या, गिळायच्या नाहीत.

त्या आठवड्यात ज्या ज्या मुलांना ब्रेसेस लावल्या होत्या, त्यांच्या घरी संध्याकाळी फोन केले.

पण त्याआधी आजींना सांगितलं, "चूक माझी झाली. दिवा नीट चालत नव्हता. पोरीने काही खाल्लेलं नाही."

मुलीने मान वर केली ती थेट आजीकडे.