रिकाम्या डब्याचं वजन

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत मी मसाले विकते. सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट, हळद. ऑनलाइन दुकान टाकायचं ठरलं तेव्हा सॉफ्टवेअर निवडलं ते पानाचं रूप पाहून. महिन्याचं भाडं भरा, फोटो टाका, दुकान सुरू. दोन दिवसांत सगळं उभं राहिलं. पण कुरिअरचा खर्च तिथे एका ऑर्डरला एकच लावता यायचा. पाकीट एक असो की सहा, 70 रुपये. पुण्याच्या एका ताईंनी अर्ध्या किलोची सहा पाकिटं मागवली आणि त्या महिन्याचं कुरिअरचं बिल आलं, तेव्हा मी रात्री वही घेऊन बसले.

भाचा शेजारी होता. म्हणाला, "मावशी, तू नुसत्या मसाल्याचं वजन लिहून राहिली. डब्याचं कुठे आहे?"

खरंच, कुठेच नव्हतं. 500 ग्रॅमचं पाकीट डब्यात घातलं की 580 भरायचं आणि अर्धा किलो ओलांडला म्हणून कुरिअर 1 किलोचे पैसे लावायचं. शिवाय डब्याचं मापही मोजतात. आमचा कुरिअरवाला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतो, येतं ते किलोतलं वजन. माझा डबा 20 बाय 15 बाय 12, म्हणजे 720 ग्रॅम. आत कापूस भरला असता तरी तेवढेच पैसे गेले असते!

मग डबा बदलला, 18 बाय 12 बाय 10. पाकीट 400 ग्रॅमचं केलं. आता काट्यावर सगळं मिळून 460 भरतं, मापाने 432. दोन्हींतलं जे जास्त, ते वजनाच्या रकान्यात जातं.

रकाना म्हणजे वूकॉमर्सचा, भाड्याचं ऑनलाइन दुकान सोडून मी ज्या सॉफ्टवेअरवर आले त्याचा. हे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं, वूकॉमर्स स्वतः फुकट आहे, पण होस्टिंगचे म्हणजे वेबसाइट ठेवायच्या जागेचे पैसे, अपडेट आणि बॅकअप आपल्याकडे. वजनाप्रमाणे दर लावायला वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घ्यावं लागलं. मला ते चाललं, कारण रविवारी सकाळी भाचा बॅकअप घेतो. घरी असं कोणी नसेल तर भाड्याचंच दुकान घ्यावं, असं मी मनापासून सांगते. फक्त पैसे भरण्याआधी एक पाकीट आणि सहा पाकिटं अशा दोन खोट्या ऑर्डरी टाकून बघाव्यात.

मला सगळ्यात आवडलेली सोय पिनकोडची. झोनमध्ये, म्हणजे डिलिव्हरीचा भाग ठरवतो तिथे, 440 लिहून पुढे तारकाचिन्ह (*) टाकलं की अख्खं नागपूर शहर त्यात येतं. सक्करदऱ्याची ऑर्डर आली की कुरिअर नाही, खर्च नाही, भाचा संध्याकाळी गाडीवर नेऊन देतो.

हळद-तिखटाच्या जोडीचा डबा मात्र अजून जमला नाही. मापाने 1 किलोच्या थोडा वर जातो. उद्या इतवारीत पुठ्ठ्याच्या डब्यांच्या दुकानात टेप घेऊनच जाणार आहे.