२१ हजार किलोमीटर की ७१ हजार?

नेरूळच्या एका सोसायटीच्या तळघरात, मऊ कापडी कव्हराखाली उभी असलेली पांढरी लेक्सस ईएस ३००एच पाहिली, तेव्हा मी तिथल्या तिथे टोकन देण्याच्या बेतात होतो. गाडी २०२० ची, धावलेली अवघी २१ हजार किलोमीटर. आसनांवर एक सुरकुती नाही आणि दारांच्या पायपट्ट्यांवरचे संरक्षक प्लॅस्टिकही काही ठिकाणी अजून तसेच. बरोबर आलेला माझा मेहुणा कानाशी लागून म्हणाला, "भावोजी, ही सोडू नका." ती मी सोडली, आणि पंधरवड्यानंतर त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, पण ७१ हजार किलोमीटर धावलेली गाडी घेतली. घरच्यांना हा हिशेब अजून पुरता पटलेला नाही, म्हणून तो एकदा नीट लिहून काढतो.

आधी हीच गाडी का, ते सांगायला हवे. जपानी कंपन्यांनी महागड्या गाड्यांसाठी वेगळी नावे काढली ती अमेरिकी बाजारासाठी: होंडाने १९८६ मध्ये अ‍ॅक्युरा, तर १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस आणि निसानने इन्फिनिटी. यांपैकी आपल्याकडे अधिकृतपणे आली ती एकटी लेक्सस, आणि तीही २०१७ मध्ये. ईएस ही त्याच घराण्यातली गाडी. पहिली ईएस २५० मुळात टोयोटा कॅमरीच्याच सांगाड्यावर उभी होती आणि ते नाते आजवर तुटलेले नाही. सातवी पिढी जुलै २०१८ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ५९.१३ लाख रुपये होती; जानेवारी २०२० पासून तिची जुळणी कर्नाटकातल्या बिडदीत होऊ लागली आणि किंमत ५१.९० लाखांपासून सुरू झाली. इंजिन २४८७ सीसीचे पेट्रोल, जोडीला विजेची मोटर (अशा जोडीच्या गाडीला हायब्रिड म्हणतात), दोन्ही मिळून ताकद २१८ पीएस. शहाणपणाने विचार केला असता तर याच जातीचे इंजिन असलेली कॅमरी हायब्रिड कितीतरी कमी पैशांत मिळाली असती, हे मला ठाऊक होते. परंतु ईएसची काच वर घेतल्यावर ठाण्यातल्या माजिवड्याच्या पुलाखालचा गोंगाट ज्या तऱ्हेने विझतो, ते एकदा अनुभवल्यावर शहाणपण टिकत नाही.

आता नेरूळच्या गाडीकडे वळतो. पाच वर्षांत २१ हजार म्हणजे महिन्याला साडेतीनशे किलोमीटर, असा सरासरी हिशेब मी मनात केला होता. सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्यावर कळले की त्यांतले १८ हजार पहिल्या दोन वर्षांतले होते. त्यानंतर मालकांचे गुडघ्याचे आजारपण आले, मुलगा परदेशी गेला, आणि गाडी जवळजवळ तीन वर्षे नुसती उभी राहिली. गाडी फिरतच नाही तर सर्व्हिस कशाला, या विचाराने मधली दोन वर्षे ती केंद्रात गेलीच नव्हती. तेल मात्र बाटलीबाहेर पडले की धावो न धावो, जुने होतच असते.

हायब्रिड गाडीच्या बाबतीत उभे राहणे अधिकच महागात पडते. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक नेहमीची १२ व्होल्टची, जी डिकीत असते, आणि दुसरी निकेल-मेटल हायड्राइडची मोठी बॅटरी, जी मागच्या आसनाखाली असते. लहान बॅटरी उतरली की गाडीचे संगणक जागे होत नाहीत, डॅशबोर्डवर 'रेडी'ची खूण उमटत नाही, आणि मोठ्या बॅटरीत कितीही वीज असली तरी गाडी जागची हलत नाही. मोठी बॅटरीही उभ्या उभ्या हळूहळू रिती होते. तिचे सगळे सेल, म्हणजे आतले छोटे छोटे घट, सारख्या गतीने रिते होत नसल्यामुळे त्यांच्यात तफावत पडू लागते, आणि बाजारात मिळणारा साधा चार्जर लावून ती भरता येत नाही. त्यासाठी गाडी चालूच करावी लागते. आम्ही पोहोचण्यापूर्वी मालकांनी शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून ही गाडी सुरू करून ठेवली होती. त्यांनी ते लपवले नाही, पण आपणहून सांगितलेही नाही; बॅटरीच्या टोकांवरचे ताजे ओरखडे पाहून मी विचारले तेव्हा म्हणाले.

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. तेथे ४६१९ असे होते, म्हणजे टायर नोव्हेंबर २०१९ चे. नक्षी नव्यासारखी खोल होती, पण बाजूच्या रबरावर केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. अठरा इंचांच्या चाकांचे चार टायर बदलायचे म्हणजे काय खर्च येतो, हे ज्याने भरले आहे त्यालाच विचारावे. ब्रेकच्या तबकड्यांवर गंज होता. हायब्रिड गाडी वेग कमी करताना मोटरचा जनित्रासारखा उपयोग करून वीज परत मिळवते, त्यामुळे मूळ ब्रेक आधीच कमी घासले जातात. त्यात गाडी उभी, म्हणजे गंजाला मोकळे रानच. शेवटी डिकीतला गालिचा उचलला तेव्हा कुबट वास आला. "एकदा पावसात तळघरात पाणी शिरले होते, पण घोट्याएवढेच," असे मालक म्हणाले. घोटा नेमका कोणाचा, हे विचारण्याचा मोह मी आवरला आणि नमस्कार करून निघालो.

हे सारे चालले होते पितृपक्षात. आईची सक्त ताकीद होती की पाहायचे ते पाहा, पण घटस्थापनेपर्यंत एक रुपयाही कोणाच्या हातावर ठेवायचा नाही. एरवी मी कुरकुर केली असती. या वेळी ते पथ्य फायद्याचे ठरले. त्या पंधरवड्यात विकणाऱ्यांकडे फोन कमीच येतात, आणि शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्याच दिवसापासून, मोठ्या गाड्यांवरचा उपकर जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी लागणार होता. या हायब्रिड गाडीवर तोवर एकूण ४३ टक्के कर होता. नव्या गाडीची किंमत उतरणार म्हटल्यावर जुन्या गाडीच्या मालकाला आपला आकडा धरून बसणे जड जाते. त्यातच एप्रिलमध्ये शांघायच्या प्रदर्शनात ईएसची आठवी पिढी दाखवून झाली होती.

दुसरी गाडी खारघरच्या एका डॉक्टर बाईंची होती. पुण्याच्या फेऱ्या, हा तिचा मुख्य वापर. बाईंनी फाइलच पुढे ठेवली: प्रत्येक सर्व्हिसचे बिल, दोन वर्षांपूर्वी बदललेली लहान बॅटरी, गेल्या वर्षीचे चारही टायर, आणि मागच्या डाव्या दाराला रिक्षा घासली त्या वेळच्या विम्याच्या दाव्याचे कागद. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र आमचे कापूरबावडीचे मेकॅनिक बरोबर घेऊन आले होते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो, आणि या एका दाराने २४० दाखवले, म्हणजे ते नंतर रंगवलेले. बिल आणि यंत्र एकच गोष्ट सांगत होते, याचा मला त्या निर्दोष पांढऱ्या रंगापेक्षा अधिक भरवसा वाटला.

मेकॅनिकने मग मागच्या आसनाजवळची लहानशी जाळी दाखवायला सांगितली. मोठी बॅटरी थंड ठेवणारा पंखा येथून प्रवासी कक्षातली हवा ओढतो. तिच्यात धूळ, केस अडकले किंवा कोणी वर उशी टाकून ठेवली की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. ही जाळी स्वच्छ होती. तरीही केवळ डोळ्यांवर विसंबायचे नाही, असे ठरवून आम्ही अधिकृत केंद्रात पैसे भरून हायब्रिड यंत्रणेची तपासणी करून घेतली. सेलच्या गटांमधली तफावत मर्यादेत असल्याचा कागद हाती आला, तेव्हाच किमतीचे बोलणे सुरू केले. पाम बीच रस्त्यावर चालवताना काहीच खोट सापडली नाही. घोडबंदर रस्त्यावर आणल्यावर मात्र पुढच्या उजव्या चाकाकडून खट्ट असा आवाज आला. सस्पेन्शनचा बुश, म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा, गेला होता. सपाट रस्त्यावर गाडी तपासून समाधान मानणाऱ्यांनी एकदा तिला ठाण्याचे खड्डे दाखवावेत. तेवढी रक्कम बाईंनी विनातक्रार कमी केली.

कागदपत्रांचे फारसे सांगण्यासारखे नाही. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेले असल्याने बँकेचे ना हरकत पत्र व कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, इ-चलानची थकबाकी आधीच शून्य करून घेतलेली, आणि फास्टॅग त्यांनी बंद करून मी नवा घेतला. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि दावा न केल्याबद्दलची सवलत गाडीबरोबर येत नाही. ती आधीच्या मालकाचीच असते, त्यामुळे हप्त्यातला फरक आपल्याला भरावा लागतो. मी इंजिनात पाणी शिरल्यास लागू होणारे वाढीव संरक्षणही घेतले. नेरूळचे तळघर डोक्यातून गेले नव्हते.

दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीलाच होता. त्या दिवशी झेंडूचा हार घालून गाडी दारात आली. घोडबंदरच्या सकाळच्या कोंडीत ती लिटरला सोळा-सतरा किलोमीटर देते, कारण रांगेत सरपटताना बराच वेळ इंजिन बंदच असते. तक्रार एकच: पडदा स्पर्शाने चालत नाही, गिअरजवळच्या चौकोनी पट्टीवर बोट फिरवून चालवावा लागतो, आणि चालत्या गाडीत हवे ते चिन्ह पकडणे म्हणजे ताटातला वाटाणा चमच्याच्या टोकाने उचलण्यासारखे आहे. २०२१ च्या सुधारित गाडीत स्पर्शपडदा आला. तेवढ्यासाठी आणखी पैसे घालायची माझी तयारी नव्हती.

एक गोष्ट मात्र मी मोजायची राहून गेली. गाडीची लांबी ४९७५ मिलिमीटर आहे आणि आमच्या सोसायटीने आखलेली पार्किंगची जागा जेमतेम पावणेपाच मीटर. नाक पांढऱ्या पट्टीच्या बाहेर येते, आणि सेक्रेटरींनी आजवर दोनदा, अतिशय सभ्य भाषेत, त्याची लेखी नोंद घेतली आहे.