भोंगा वाजेपर्यंत

"मावशी, फिनलंडच जिंकलं ना?"

डोळेही धड उघडले नव्हते तिचे. भाची तेव्हा अकरा वर्षांची, चार दिवस माझ्याकडे राहायला आलेली. आदल्या रात्री, म्हणजे १४ एप्रिल २०१९ ला, आम्ही दोघींनी एका पांघरुणात बसून लॅपटॉपवर महिलांच्या आइस हॉकी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची फायनल पाहिली होती. फिनलंड विरुद्ध अमेरिका, आणि तेही फिनलंडमध्येच, एस्पो शहरात. ओव्हरटाइममध्ये फिनलंडने गोल मारला, पोरींनी हेल्मेटं आणि हातमोजे भिरकावले, एकमेकींच्या अंगावर ढीग झाला, आणि भाचीने समाधानाने उशीवर डोकं टेकलं. पाच मिनिटांत घोरायलाही लागली. तिच्यापुरता सामना तिथे संपला.

मी जागी होते. त्यामुळे सकाळी सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

मुळात मी या खेळाच्या नादी लागले कशी, ते आधी सांगते. कॉलेजात मी हॉकी खेळायचे, आपली मैदानावरची. गोलकीपर होते. त्यात शौर्यबिर्य काही नव्हतं. संघात सगळ्यात हळू मी धावायचे आणि पॅड कोणाला तरी बांधायलाच हवे होते. ते पॅड कधी पूर्ण वाळायचे नाहीत, त्यांचा वास हाताला दोन-दोन दिवस राहायचा. खेळ सुटून पंचवीस वर्षं झाली, पण एक खोड लागली ती लागलीच. कुठलाही सामना बघताना सगळे चेंडू बघतात आणि मी गोलकीपर बघते. कित्येक गोल माझे त्यामुळे बघायचेच राहून गेलेत.

फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांग ऑलिंपिकची महिलांची फायनल अशीच चॅनेल बदलता बदलता समोर आली. अमेरिका आणि कॅनडा, शूटआऊट चालू, म्हणजे बरोबरी फोडायला एकेकीने एकटीने गोलकीपरवर चाल करून जायचं. कॅनडाने त्याआधीची सलग चार ऑलिंपिक सुवर्णं घेतलेली, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला दिसली ती फक्त अमेरिकेची गोलकीपर, मॅडी रूनी. वय वर्षं वीस. समोरून एकटी खेळाडू पक, म्हणजे चेंडूऐवजी असतो तो रबराचा तुकडा, घेऊन येतेय आणि ही बया शांतपणे मागे मागे सरकतेय. मागे! आम्हाला शिकवलं होतं की एकटी फॉरवर्ड आली की पुढे जा, तिचा कोन खा, म्हणजे तिला गोलची जागा कमी दिसते. ही आधी पुढे जाऊन उभी राहायची आणि समोरची जवळ आली की तिच्याच वेगाने उलटी घसरत गोलकडे यायची, म्हणजे कोनही खाल्लेला आणि चकवून बाजूने जायलाही जागा नाही. बर्फावर हे जमतं, गवतावर कुठलं जमायला! शेवटचा फटका तिने अडवला आणि मी त्या रात्री दीड वाजेपर्यंत या खेळाचे नियम वाचत बसले.

मग हळूहळू सगळं खोदून काढलं. महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये, कॅनडातल्या ओटावाला. यजमान संघाला म्हणे गुलाबी जर्सी घालायला दिल्या होत्या. लाल पानवाला देश आणि पोरींना गुलाबी कपडे, कारण लक्ष वेधलं गेलं पाहिजे ना! फायनल कॅनडाने अमेरिकेविरुद्ध ५-२ अशी जिंकली, गुलाबी कपड्यांतच. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत अंगावर धडक मारायची, बॉडीचेकिंगची, पूर्ण मुभा होती आणि नंतर ती काढून घेतली. म्हणजे कपडे नाजूक आणि खेळ सगळ्यात राकट, असं ते एकच वर्ष.

पण खोदता खोदता माझा थोडा हिरमोडही झाला. १९९० पासून २०१७ पर्यंत अठरा स्पर्धा झाल्या आणि अठराच्या अठरा फायनल कॅनडा-अमेरिका. एकही अपवाद नाही. बाकीच्या देशांनी यायचं, ब्राँझसाठी भांडायचं आणि घरी जायचं. अर्थात या दोन देशांच्या पोरींनाही काही ताटात वाढून मिळालं नव्हतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघाने स्वतःच्याच देशातल्या स्पर्धेवर बहिष्कार टाकण्याची धमकी दिली होती, मानधन आणि सोयींसाठी. समझोता झाला तो स्पर्धेच्या तीन दिवस आधी. आणि मग त्याच पोरींनी ओव्हरटाइममध्ये सुवर्णपदक जिंकलं. हे वाचल्यावर अमेरिकेवर राग धरणं मला जड गेलं. तरीसुद्धा २०१९ ला मी फिनलंडच्या बाजूने होते, ते एकाच व्यक्तीमुळे.

नूरा रॅट्यू. फिनलंडची गोलकीपर. २०१७ च्या स्पर्धेत साखळी सामन्यात फिनलंडने कॅनडाला ४-३ हरवलं होतं, तेव्हाही गोलमध्ये तीच. एस्पोला सेमीफायनलमध्ये पुन्हा कॅनडा समोर आला आणि फिनलंडने ४-२ असा सामना काढला. तो निकाल बघून मी भाचीला फोन लावला, "उद्या रात्री झोपायचं नाही हं, इतिहास आहे." कॅनडा नसलेली पहिलीच फायनल! तिला आइस हॉकीतलं ओ का ठो माहीत नव्हतं. पण रात्री जागायला मिळतंय म्हटल्यावर ती दप्तर घेऊन संध्याकाळीच हजर.

त्या फायनलमध्ये रॅट्यूने पन्नास फटके अडवले. पन्नास. हा आकडा नुसता वाचून सोडून देऊ नका. पक म्हणजे साधारण १६० ग्रॅमचा कडक रबराचा तुकडा, साडेसात सेंटिमीटरहून थोडा जास्त रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड. गोल १.८३ मीटर रुंद, १.२२ मीटर उंच. समोर दोघी-तिघी मुद्दाम तुमची नजर झाकून उभ्या. त्यांच्या पायांतून कुठूनतरी तो तुकडा सुटतो आणि तुम्हाला गुडघे आत वळवून, पॅड बर्फावर आडवे टाकून खाली बसायचं असतं. मग उठायचं. मग परत. माझी सगळ्यात मोठी कामगिरी एका सामन्यात अकरा, आणि त्यानंतर तीन दिवस मला जिना उतरता येत नव्हता.

भाचीला मी हे समजावत होते तर ती म्हणाली, "मावशी, ती मान किती हलवतेय बघ." खरंच. रॅट्यू सतत मान काढून, वाकून, कधी हिच्या खांद्यावरून कधी तिच्या कमरेखालून पक शोधत होती. गर्दीत हरवलेलं पोर शोधावं तशी. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात मला सुचलं नव्हतं ते या पोरीने दहा मिनिटांत टिपलं. मी उगाच पाणी प्यायला उठले.

निर्धारित वेळेत १-१. ओव्हरटाइम. त्यात जो पहिला गोल मारेल तो जिंकला.

आता नीट सांगते. फिनलंडची कॅप्टन येन्नी हीरिकोस्की पक घेऊन गोलच्या अंगावर आली. अमेरिकेची गोलकीपर ॲलेक्स रिग्स्बी तिला रोखायला पुढे झाली, आपल्या क्रीझच्या बाहेर. क्रीझ म्हणजे गोलपुढचा तो निळा अर्धगोल, गोलकीपरचं घर. दोघी एकमेकींवर आदळल्या, रिग्स्बी आडवी. पक सुटला आणि तो पेट्रा निएमिनेनच्या स्टिकवर आला. ही एकोणीस वर्षांची. तिने तो आत घातला. आणि मग ती हेल्मेटं, ते हातमोजे, तो ढीग. स्टेडियममध्ये फक्त आवाज, शब्द नाहीत. भाची झोपली ती इथे.

मी लॅपटॉप बंद करणार होते. पण माझी खोड. मी रिग्स्बीकडे बघत होते आणि ती हरल्यासारखी दिसत नव्हती. पंच टायमरच्या टेबलाशी कानाला हेडफोन लावून उभे. व्हिडिओ रिव्ह्यू. मिनिटामागून मिनिटं जायला लागली. फिनलंडच्या पोरींनी बर्फावरचे हातमोजे उचलायला सुरुवात केली, आधी एकीने, मग दुसरीने. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले. गोल नाही.

गोलकीपरला अडथळा, म्हणून गोल रद्द. आणि त्याच वेळी रिग्स्बीला पाय घातल्याबद्दल दोन मिनिटांची पेनल्टी! म्हणजे धडक हीरिकोस्कीची चूक, आणि पाय घातला ती रिग्स्बीची चूक. फिनलंडला पॉवर प्ले मिळाला, म्हणजे तेवढा वेळ समोर एक खेळाडू कमी, त्यात गोल झाला नाही, सामना शूटआऊटला गेला आणि अमेरिका जिंकली. सलग पाचवं सुवर्ण.

"नाही गं," मी म्हटलं. "तो गोल नंतर रद्द केला."

तिला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिने लॅपटॉप मागितला, ती क्लिप चार वेळा पाहिली आणि मला विचारलं, "पण चूक कोणाची?" मी म्हटलं दोघींची. "दोघींची असेल तर गोल एकीचाच का गेला?" मग ती रडली. मोठ्याने नाही, भिंतीकडे तोंड करून. आणि "मला उठवलं का नाहीस" असं दोनदा म्हणाली, जणू मी उठवलं असतं तर निकाल बदलला असता.

त्या निर्णयावर तेव्हा फार गदारोळ झाला. मीही आठवडाभर लोकांशी ऑनलाइन भांडले. पण आता जे लिहितेय ते तिला अजून सांगितलेलं नाही. मला तो निर्णय नियमाला धरून वाटतो. क्रीझबाहेर आली म्हणून गोलकीपरला कोणीही उडवावं असा नियम नाही. बाहेर असली तरी तिच्याशी झालेली टक्कर निव्वळ अपघाती नसेल तर त्यावर झालेला गोल धरत नाहीत. गोलकीपर पुढे येते तेव्हा ती सगळं पणाला लावून येत असते. कॉलेजच्या एका सामन्यात मी अशीच पुढे गेले होते. समोरची माझ्या पॅडवरून कोलमडली आणि पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला. चेंडूला पाय आधी माझाच लागला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिला विचाराल तर ती उलट सांगेल. रिग्स्बी आडवी पडलेली पाहिली तेव्हा माझ्या घोट्यात कळ आली. रॅट्यूसाठी जीव तुटत होता आणि डोकं म्हणत होतं, गोल नाही. पंचांवर माझा राग एवढाच की इतका वेळ लावलात. त्या पोरींना थंड होऊ दिलंत.

पुढच्या वर्षीची स्पर्धा कोरोनाने खाल्ली. २०२१ ची कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हलवून ऑगस्टमध्ये कॅल्गरीला नेली. फायनलला परत आपले ते दोघेच, कॅनडा आणि अमेरिका. आमच्याकडे पहाट होती. भाची आता तेरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागलेली, आणि खेळाबद्दल मलाच शिकवणारी. अमेरिका २-० पुढे, मग कॅनडाने २-२ केलं, मग ओव्हरटाइम, दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू. एवढ्या मोठ्या बर्फावर सहा जणी म्हणजे नुसतं मोकळं रान.

आणि कॅनडाकडे मारी-फिलिप पुलँ. या बाईचं काही विचारू नका. २०१४ च्या ऑलिंपिक फायनलमध्ये कॅनडाने एक जादा खेळाडू उतरवायला गोलकीपर काढून घेतली होती, अमेरिकेचा पक रिकाम्या गोलच्या खांबाला लागून गेला, आणि ५४.६ सेकंद उरलेले असताना हिने बरोबरी साधली. मग ओव्हरटाइमचा गोलही हिचाच. भाचीने ती गोष्ट वाचल्यापासून पुलँकडे पक गेला की तिचा माझ्या मनगटावर हात.

त्या पहाटेही तो हात तसाच माझ्या मनगटावर होता. पुलँने पक मारला. माझी नजर अर्थातच गोलकीपरवर, त्यामुळे मला दिसलं ते इतकंच की काहीतरी वरच्या दांड्याशी लागलं आणि बाहेर आलं. खेळ थांबला नाही. पोरी पक घेऊन दुसऱ्या टोकाकडे निघाल्यासुद्धा.

"आत होता!" मी ओरडले. "अगं, आत होता तो!"

"मावशी, शू." मनगटावरची पकड घट्ट झाली. तिची नजर पडद्यावरून हलली नाही. "आधी भोंगा वाजू दे."

सेकंद गेले. कितीतरी. मग भोंगा वाजला, खेळ थांबला, पंच रिव्ह्यूला गेले. मी उभी, ती बसलेली. पंचांनी गोलकडे बोट दाखवलं. कॅनडाच्या पोरी बर्फावर सांडल्या, पुन्हा हेल्मेटं, पुन्हा हातमोजे, पुन्हा ढीग.

ती माझ्याकडे बघत होती.

"आता?"

"आता," मी म्हटलं.