सी. एलिगन्सच्या पिढ्या मोजताना

पीएच.डी.साठी सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या जननपेशींवर काम सुरू केलं, तेव्हा पहिलं तंत्र शिकले ते फीडिंग आरएनएआयचं, म्हणजे कृमींना खास जिवाणू खायला घालून त्यांचं एखादं जनुक गप्प करण्याचं. जे जनुक गप्प करायचं, त्याचा दुपदरी आरएनए बनवणारे एचटी११५ जिवाणू आयपीटीजी (जिवाणूंना तो आरएनए बनवायला लावणारं रसायन) घातलेल्या प्लेटवर पसरायचे आणि त्यावर एल४ म्हणजे प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या सोडायच्या. आम्ही पॉस-१ हे जनुक वापरायचो. ते गप्प केलं की आई ठणठणीत राहते, अंडी घालते, पण ती फुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी न फुटलेली अंडी मोजायची. शेजारी रिकाम्या प्लाझ्मिडची, म्हणजे कुठलंही जनुक गप्प न करणाऱ्या जिवाणूंची प्लेट हवीच, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

मला जाणून घ्यायचं होतं ते पी-ग्रॅन्यूलबद्दल. जननपेशीच्या केंद्रकाला बाहेरून बिलगलेले, पटल नसलेले हे कण. मेग-३ आणि मेग-४ ही दोन्ही जनुकं निकामी केली की आद्य जननपेशींत ते तयारच होत नाहीत. नव्याने बनवलेल्या अशा वंशाच्या सुरुवातीच्या पिढ्यांवर पॉस-१च्या जिवाणूंचा परिणाम व्हायचा, अंडी फुटायची नाहीत. नंतरच्या पिढ्यांत मात्र अळ्या बाहेर पडू लागल्या, आणि पुढे पुढे तर प्लेट रिकाम्या प्लाझ्मिडच्या प्लेटसारखीच दिसायला लागली. म्युटेशन तेच, जिवाणू तेच, तापमानही २० अंशच.

याचा उलगडा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे, आणि मला तो आजही विलक्षण वाटतो. सिड-१ हे प्रथिन दुपदरी आरएनए पेशीत घेतं, आरडीई-११ आरएनएआयच्या पुढच्या टप्प्यात लागतं. या दोन्ही जनुकांच्या संदेशवाहक आरएनएवर पायआरएनएंचा, म्हणजे जननपेशींत जनुकं गप्प करणाऱ्या लघु आरएनएंचा रोख निरोगी कृमीतही असतोच. पण हे संदेश पी-ग्रॅन्यूलमध्ये साठतात आणि जनुकं चालू राहतात. कण नसले की संदेश पेशीद्रवात विखुरतात. लघु आरएनए बनवणारी यंत्रणाही तिथेच मोकळी फिरत असते. मग त्या संदेशांविरुद्ध दुय्यम लघु आरएनएंचा ढीग लागतो आणि हळूहळू जनुकंच गप्प होतात. म्हणजे आरएनएआय चालवणारी जनुकं लघु आरएनएच बंद पाडतात! त्यासाठी पीआरजी-१ आणि केंद्रकातलं एचआरडीई-१ ही दोन्ही आर्गोनॉट प्रथिनं (लघु आरएनए धरून लक्ष्य शोधणारी) लागतात. एचआरडीई-१मुळे ही शांतता पुढच्या पिढ्यांत टिकते.

या कामात पडणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: प्लेटवर वंशाच्या नावाशेजारी पिढीचा क्रमांक लिहा. २० अंशांना पिढी साडेतीन दिवसांत होते, त्यामुळे रविवारही प्लाटिनमच्या तारेने कृमी उचलण्यात जातो. तो द्यावा लागतो. ‘म्युटंटला आरएनएआय लागू पडत नाही’ हे वाक्य पिढीच्या क्रमांकाशिवाय अपुरं आहे. मी आता पीआरजी-१ही काढलेला वंश पहिल्या पिढीपासून सांभाळते आहे आणि दर पिढीला त्याची पॉस-१वर चाचणी घेते आहे.