१३३३ चा लाल तारा

परवा एका मित्राने रात्री साडेअकराला फोटो पाठवला, पाच टोकांचा लाल तारा, मधे वर तोंड केलेली चंद्रकोर, आणि खाली एकच ओळ, ओरिजिनल आहे का रे? मी शक्यतो फोटोवरून काही सांगत नाही, कारण वजन कळत नाही, पाठ दिसत नाही, पण या वेळी झूम केलं आणि दोन मिनिटांत नाही म्हणून सांगून टाकलं. आकडाच चुकला होता.

तो तारा म्हणजे ऑटोमन साम्राज्याचं हार्प मदाल्यासी, युद्धपदक. सुलतान मेहमेद पाचवा रेशाद याने १ मार्च १९१५ ला सुरू केलं. इंग्रज त्याला गॅलिपोली स्टार म्हणायचे आणि जर्मन लोक लोखंडी चंद्रकोर, आणि दोन्ही नावं फसवी आहेत, कारण ते फक्त गॅलिपोलीसाठी, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या त्या एका लढाईसाठी, दिलेलं नाही, आणि त्यात लोखंडही नाही. चंद्रकोरीच्या कुशीत सुलतानाचा तुग्रा, म्हणजे त्याची वळणदार सही, असतो आणि त्याखाली १३३३. हे आकडे अरबी वळणाचे, म्हणजे एक ही नुसती उभी रेघ, दोनला वर दोन दाते आणि तीनला तीन दाते. लिपी उजवीकडून डावीकडे जाते पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. मित्राच्या ताऱ्यावर तिन्ही ठिकाणी दोनच दाते होते, म्हणजे चक्क १२२२. ज्याने साचा केला त्याला तो आकडा वाचता येत नव्हता, त्याने फक्त आकार उतरवला.

मला हे सगळं यायला वेळ लागला. माझा पहिला तारा मी इस्तंबूलच्या कापाली चार्शीत, त्या मोठ्या छताखालच्या बाजारात, एका दुकानातून घेतला. दुकानदार अगदी मनापासून बोलत होता, मीही मनापासून ऐकत होतो, आणि लाल रंग इतका एकसारखा आणि चकचकीत होता की मला तीच चांगली खूण वाटली. घरी येऊन भिंगाखाली पाठ बघितली तर सगळीकडे सुईच्या टोकाएवढे खड्डे. ओतीव कामात धातू थंड होताना हवा अडकते त्याचे ते खड्डे. फार वाईट वाटलं, पैशापेक्षा याचं की मी तो हातात धरून त्याच्या मालकाचा विचार करत बसलो होतो, आणि मालक असा कुणी नव्हताच.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. लोक आधी रंग बघतात, चांदी आहे का बघतात, पाठीवरचा शिक्का बघतात. मी आधी वाचतो. तुग्रा ही सही आहे, नक्षी नाही. खाली गुंतलेली अक्षरं असतात तो सेरे, त्यात नावं असतात, डावीकडे एकात एक दोन अंडाकृती वळणं ती बेझे, वर तीन उभे दांडे ते तुग, आणि उजवीकडे निघणारे लांब हात तो हान्चेर, म्हणजे खंजीर. मेहमेद रेशादच्या तुग्र्यात लिहिलंय की अब्दुलमेजीदचा मुलगा मेहमेद खान, सदा विजयी. आता गंमत बघा, अब्दुलमेजीदचे चार मुलगे सुलतान झाले, मुराद पाचवा, अब्दुलहमीद दुसरा, मेहमेद पाचवा आणि मेहमेद सहावा, त्यामुळे चौघांच्या तुग्र्यांत बापाचं नाव तेच, वळणं जवळपास तीच, फरक मुख्यतः नावाच्या अक्षरांत. नकली माल करणारे इथे हमखास घसरतात. अक्षरं एकमेकांत विरघळतात, दांड्यांवरून लोंबणाऱ्या बारीक रेषा गायब होतात. खऱ्या, ठशावर पाडलेल्या तुकड्यात झिजलेल्या अक्षराचंसुद्धा मूळ वळण राहतं, फक्त उंची कमी होते.

तारखेचं आणखी एक. १३३३ हे हिजरी साल आहे, नोव्हेंबर १९१४ ते नोव्हेंबर १९१५. पण ऑटोमन कारभारात रुमी नावाचं दुसरं, सूर्यावर चालणारं कॅलेंडरही होतं, आणि त्यातलं १३३३ म्हणजे १९१७. म्हणून कधी कधी विक्रेते "१९१७ चं पदक" असं लिहितात. तेवढ्यावरून माल खोटा ठरत नाही, माणसाला माहिती नाही एवढंच. आणि ते साल पदक सुरू झाल्याचं आहे, मिळाल्याचं नाही, १९१८ मध्ये मिळालेल्या ताऱ्यावरही १३३३ च. लियाकत मेडल हे ऑटोमनांचंच दुसरं पदक, त्यावर तर दोन वेगळी सालं दिसतात, खाली मेडलवर १३०८, म्हणजे अब्दुलहमीदने ते सुरू केलं तो काळ, १८९०, आणि रिबिनीवर आडव्या तलवारींची पट्टी असली तर तिच्यावर १३३३. जोड नंतर लावलाय असं समजून लोकांनी चांगली लियाकत परत केल्याचं मी बघितलंय. अर्थात पट्टी खरंच नंतर लावलेली असू शकते, ते रिबिनीवरच्या दाबाच्या खुणांवरून बघावं लागतं.

आता धातू आणि रंग. तुर्की बनावटीचे तारे बहुतेक पितळेचे, वर निकेलचा मुलामा आणि लाल लाख, काम साधं, कधी ओबडधोबडच. जर्मन बनावटीचे चांदीचे, खऱ्या मीनाकामाचे, बर्लिनच्या गोडेटसारख्या जवाहिऱ्यांनी केलेले, फार देखणे. त्यामुळे नवीन माणूस देखणं ते खरं समजतो आणि सैनिकाच्या छातीवर खरोखर असलेला साधा तुकडा बाजूला ठेवतो. याचं मला फार वाईट वाटतं. मीना म्हणजे काच, ती तडकली की काचेसारखी तडकते, कडेला शिंपल्यासारखी खपली निघते. हल्लीचा रेझिन रंग तडकत नाही, सोलतो किंवा घासला की मऊ पडतो. आणि खरा तारा मधे थोडा फुगीर असतो, टेबलावर आडवा धरून बघा, सपाट पत्रा असेल तर मी पुढे बघतच नाही. पाठीवर बी.बी. अँड को. असा शिक्का दिसला तर खूश होऊ नका, तो खऱ्यावरही असतो आणि नकलांवरही मारलेला असतो.

एक कळकळीची विनंती, पॉलिश करू नका. खरी झीज उंच भागावर असते आणि काळेपणा खोबणीत, नकली काळेपणा सगळीकडे सारखा, अगदी ताज्या ओरखड्याच्या आतसुद्धा. एकदा ब्रासो फिरवला की हा पुरावाच गेला, मग कुणालाच काही सांगता येणार नाही.

क्रिमियाच्या पदकाबद्दल वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात, अब्दुलमेजीदने १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धासाठी ते तीन रूपांत काढलं, ब्रिटिश, फ्रेंच आणि सार्डिनियन, मागे तुग्रा आणि १२७१. ब्रिटिश पदकांनी भरलेलं जहाज बुडालं म्हणून कित्येक ब्रिटिश सैनिकांना सार्डिनियन पदकं मिळाली. म्हणजे इंग्रज शिपायाच्या नावासोबत "ला क्रिमिया" लिहिलेलं पदक दिसलं तर ते बरोबरच असू शकतं. पदकं कोरी मिळायची, नावं सैनिक स्वतः कोरून घ्यायचे, म्हणून कोरलेल्या अक्षराची कड भिंगाखाली बघायची, दीडशे वर्षांनीही ती धारदार आणि चमकत असेल तर कुणीतरी अलीकडे कोरलंय.

बेरात, म्हणजे पदकाची सनद, सोबत असेल तर सोन्याहून पिवळं, पण त्यातलं नाव कुणाकडून तरी वाचून घ्या, सनद एकाची आणि पदक दुसऱ्याचं अशा जोड्या लावून विकतात. आणि तुर्कस्तानातून घेणार असाल तर १९८३ चा २८६३ क्रमांकाचा कायदा आहे, जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधनं आहेत, दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

मित्राला हे सगळं रात्री लिहून पाठवलं. तो म्हणाला, मग तुझा खरा कसा आहे ते दाखव. माझा दुसरा तारा तुर्की पितळेचा, मुलामा गेलेला, एका टोकाची लाख उडालेली, पिन वाकडी. मी फोटो फक्त मधल्या भागाचा काढला. तीनचे तीन दाते, तीनही वेळा, व्यवस्थित दिसत होते.