गुणगुणण्यातून मिडी: आखाजीच्या गाण्यांचं काम कुठवर आलं

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरच्या मावशीकडून झोक्यावरची गाणी रेकॉर्ड करून घेतली. तेव्हापासून गुणगुणणं मिडीत, म्हणजे स्वरांचे क्रमांक आणि वेळा लिहिलेल्या संगणकाच्या फाइलीत, उतरवायच्या कामाला नीट दिशा मिळाली आहे. खानदेशात हाच छंद असलेल्या आणि घरातल्या बायकांच्या तोंडची गाणी जपू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी ही सविस्तर नोंद.

आधी रेकॉर्डिंगबद्दल. वैशाखात आपल्याकडे पंखा बंद करून कुणाला गायला बसवणं शक्यच नाही. म्हणून पहाटे, ऊन चढायच्या आत, मागच्या खोलीत बसायचं. फोन वाऱ्याच्या झोतात येऊ द्यायचा नाही, माइकवर पातळ ओढणी टाकायची. लॅपटॉपवर थेट रेकॉर्ड करत असाल तर चार्जर काढून ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर येऊन बसते, आणि पुरुषाचा खालचा आवाज नेमका त्याच भागात असतो. फोनमध्ये गोंगाट कमी करायची सोय असेल तर ती बंदच ठेवा. न बदलता सलग चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा तिचा हिशोब असतो. त्यामुळे तोंड मिटून लांब धरलेला स्वर ती पंख्याबरोबर खाऊन टाकते.

स्वर ओळखायला पायथनमधली लिब्रोसा लायब्ररी वापरतो. तिच्यातली पी-यिन ही पद्धत २०१४ साली माउख आणि डिक्सन यांनी मांडली. तिचा पाया म्हणजे २००२ सालचं यिन. आवाजाची लाट स्वतःवरच थोडी थोडी सरकवून बघायची आणि ती कुठे जुळते ते शोधायचं, एवढीच मूळ कल्पना. २०० हर्ट्झचा स्वर दर ५ मिलिसेकंदांनी स्वतःशी जुळतो, पण १० मिलिसेकंदांवरही तितकाच जुळतो. सॉफ्टवेअरने ती दुसरी जागा पकडली की स्वर एक सप्तक खाली पडतो. उलट दुसरा उपस्वर (मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट हर्ट्झवर वाजणारा) फार जोरकस असला तर तो वरच्या सप्तकात उडी मारतो. यावर सगळ्यात सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे आधीच हद्द घालून देणं. मावशीसाठी मी १५० ते ५०० हर्ट्झ ठेवलं आणि सप्तकाच्या उड्या जवळजवळ थांबल्या. हद्द न घालता तासन्‌तास हाताने दुरुस्त्या करत बसण्यात काही हशील नाही.

शीळ घालणाऱ्यांची सोय जास्त. शिळेत उपस्वर जवळपास नसतातच, त्यामुळे सप्तकाचा घोळ क्वचित होतो. शिवाय ती साधारण १००० हर्ट्झच्या वर चालते, म्हणजे एक लाट मिलिसेकंदाच्या आतच पूर्ण होते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ५१२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंदांची खिडकीही (एका वेळी तपासायचा तुकडा) तिला पुरते. १०० हर्ट्झवर गुणगुणणाऱ्या पुरुषाला मात्र २०४८ नमुने लागतात, म्हणजे ४६ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात एखादा चपळ कणस्वर निसटून जातो. शिळेतून आलेल्या नोट क्रमांकांतून २४ वजा केले की ती दोन सप्तकं खाली, गाण्याच्या पट्टीत येते. स्वर वेगळे पडावेत म्हणून शीळ घालताना जिभेने 'तु तु' करा, गुणगुणताना 'दा दा' म्हणा. मावशीला मात्र मी तसं सांगितलं नाही. ती गाते तसंच हवं होतं.

आता खरा तिढा. मिडीत ० ते १२७ असे १२८ स्वर, ६९ म्हणजे ४४० हर्ट्झ. कंप्रतेचं लॉगरिदम घेऊन क्रमांक काढायचा आणि जवळच्या पूर्णांकाला बसवायचा, असा सगळीकडचा रिवाज. मावशी पेटीशिवाय, तंबोऱ्याशिवाय गाते. तिचा सा मोजला तर २१४ हर्ट्झ निघाला. काळी चार २०७.६५ वर, पांढरी सहा २२० वर. मावशीचा सा दोघींच्या बरोबर मधोमध, क्रमांक ५६.५२! असा स्वर पूर्णांकाला बसवायला गेलं की एकदा ५६ लागतो, एकदा ५७. एकाच ओळीतला तोच सा कधी काळी चार होतो, कधी पांढरी सहा, आणि चाल ओळखूच येत नाही. मावशी कणभरही बेसूर नाही. तिचा सा ४४०च्या फूटपट्टीवर बसत नाही, एवढंच.

म्हणून पूर्णांकाच्या भानगडीत पडण्याआधी सा शोधायचा. कडव्यातल्या सगळ्या स्वरांचा ढीग मांडला की ठरावीक जागांवर शिखरं उभी राहतात. त्यातलं ओळ जिथे येऊन विसावते ते शिखर म्हणजे सा. तिथे शून्य धरून बाकी सगळं सेंटमध्ये मोजायचं. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे अर्धा स्वर, १०० सेंटचं. हे प्रत्येक कडव्याला नव्याने करावं लागतं, कारण गाणं रंगत गेलं की सा हळूहळू चढतो. जवळ बसलेल्या बायकांनी साथ धरली की आणखीच चढतो.

सा सापडल्यावर पहिली मिडी तयार झाली, ती मी मावशीला ऐकवली. डोळे मिटून ऐकलं आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी म्हणाली, "भाऊ, आठे झोका कोठे गया?" (इथला झोका कुठे गेला?) तिचं बरोबर होतं. त्या जागी ती पंचमावरून गंधारावर उतरते, पण पायऱ्यांनी नाही. पंचमावर जरा रेंगाळते, मग सरळ घसरत गंधाराच्याही थोडी खाली जाते आणि तिथून हलकेच वर येऊन थांबते. कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला झोका खाली येतो तसाच तो उतार. सॉफ्टवेअरने त्याचे चार चौकोन, म्हणजे चार सुट्या नोटा, केले होते: प, म, कोमल ग, ग. चारही स्वर खरे, पण गाणं त्यांच्या मधल्या वाटेत आहे.

तेव्हापासून मी चौकोनांना दुय्यम ठरवलं आहे. नवी नोट फक्त तिथेच सुरू करतो जिथे आवाज तुटतो किंवा जोर स्पष्टपणे पडून पुन्हा उठतो. एका श्वासात जे काही सरकतं ते सगळं पिच बेंडवर, म्हणजे चालू नोट वर-खाली सरकवणाऱ्या मिडीच्या संदेशावर, टाकतो. पिच बेंड १४ बिटांचा, म्हणजे १६,३८४ पायऱ्या, मधली ८१९२. नेहमीची मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वर, त्यात एका सेंटला सुमारे ४१ पायऱ्या येतात. मावशीचा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला आहे, म्हणजे तिथे बेंड ७६१९ च्या आसपास. एवढा बारकावा आरामात मावतो.

पण पंचमावरून गंधाराच्या खाली जायचं तर दोन अर्धस्वर पुरत नाहीत. त्यासाठी फाइलच्या सुरुवातीलाच आरपीएन संदेश (वाद्याची मांडणी बदलणारी मिडीची सूचना) देऊन मर्यादा १२ अर्धस्वरांची केली. आता एका सेंटला जेमतेम सात पायऱ्या, तरी कानाला पुरून उरतात. इथे एक धोका लक्षात ठेवा. काही वाद्यं हा संदेश ऐकतच नाहीत आणि दोन अर्धस्वरांचीच मर्यादा धरून चालतात. मग प्रत्येक मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सहापटीने आखडते आणि सगळं गाणं एका जागी खुरडल्यासारखं वाटतं. फाइल कुणाला पाठवताना मर्यादा १२ आहे हे सोबत लिहून द्या.

वाजवायला मी जनरल मिडीतला, म्हणजे मिडीच्या वाद्यांच्या ठरलेल्या यादीतला, ११२ वा आवाज निवडला. १९९१ च्या त्या यादीत सनईला स्वतःची जागा आहे. पियानोचा स्वर वाजवल्यावर विरत जातो, त्यावर लांब मींड ऐकूच येत नाही. सनईला श्वास असतो, स्वर टिकतो, उतार शेवटपर्यंत कळतो. नवी फाइल मावशीने दोनदा लावायला सांगितली आणि दुसऱ्या वेळी सोबत गायली.

स्पॉटिफायने २०२२ मध्ये मोफत दिलेलं, आवाजातून मिडी काढणारं बेसिक पिचही चालवून पाहिलं. ब्राउझरमध्येच चालतं, पिच बेंडसकट मिडी देतं, आणि ज्याला पायथनच्या वाटेला जायचं नाही त्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. माझ्या कामाला ते कमी पडतं, कारण सा कुठे धरायचा हे मला स्वतः ठरवायचं असतं आणि तिथे तशी मोकळीक नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं टोनी हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. स्वरांची रेघ डोळ्यांसमोर ठेवून हाताने दुरुस्त करायला मला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं सापडलेलं नाही.

प्रत्येक गाण्याच्या तीन फाइली ठेवतो: मूळ आवाज, सेंटमधली सलग रेघ आणि मिडी. मिडी कधीही नव्याने करता येईल. पहिल्या दोन गेल्या तर गाणं गेलं.

सध्या जात्यावरच्या ओव्यांशी झटापट चालू आहे. जात्याची घरघर १०० हर्ट्झखालचं सगळं कापून बरीच कमी होते, तो प्रश्न नाही. प्रश्न लयीचा. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर चालते. दाणे घातले की फेरा जड होतो, मूठ संपत आली की हलका, आणि गाणंही त्याच्यासोबत मंद-जलद होतं. ठरलेल्या तालाच्या चौकटीला या नोटा चिकटवल्या तर दळणच नाहीसं होईल. म्हणून प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीला हाताने खूण करून तिथे नवा टेम्पो लिहितो आहे. एका ओवीचं काम झालं, बऱ्याच बाकी आहेत. श्रावणात कानबाईची, आपल्या खानदेशातल्या देवीची, गाणी येतील. ती सगळ्या जणी मिळून गातात, आणि पी-यिन एका वेळी एकच आवाज ओळखतं. तेव्हा प्रत्येकीच्या गळ्याशी वेगळा माइक लावून बघायचा विचार आहे. कुणी असा कॉलर माइक गर्दीत वापरला असेल तर शेजारणीचा आवाज त्यात किती मिसळतो ते मला सांगा.